उत्तराचं कडवं

गिरीशचा फोन आला तेव्हा आम्ही ट्वेल्व्ह माइल रोडच्या सिग्नलला थांबलो होतो. शनिवारची सकाळ, रस्त्याच्या कडेला काळा पडलेला उरलासुरला बर्फ, आणि हारुको-सानच्या व्हॅनमध्ये आम्ही सहा जणी... पाच जपानी आणि एक मी, नागपूरची. सगळ्या नीटनेटके कपडे करून निघालो होतो. वैजूकडे चाललो होतो आणि आज ती गाणार होती. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. वैजूचा नवरा गिरीश फोनवर म्हणाला, "मंजू, निघालात का? घाई करू नका. सावकाश या." बस, इतकंच. आपल्याकडे ही बातमी अशीच देतात. सरळ कुणी सांगत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही सरळ ऐकायची हिंमत नसते. मी फोन मांडीवर ठेवला. गाडीतल्या बाकी कुणालाच मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी कुणी काही विचारलं नाही. सिग्नल हिरवा झाला. हारुको-सानचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मागच्या गाड्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

वैजू म्हणजे वैजयंती. पुण्याची, आणि पुण्याची आहे हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करणारी. जपानी भाषा शिकलेली, काही वर्षं जपानात काढलेली, आणि इकडे अमेरिकेत नोव्हायला आल्यावर गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत दुभाषी. इकडचे इंजिनिअर आणि तिकडचे साहेब यांच्यामध्ये बसून दिवसभर ती दोन्ही बाजूंचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची, आणि घरी आल्यावर मला फोन करून दोन्ही बाजूंना शिव्या घालायची. "एक जण बोलतो पण ऐकत नाही, दुसरा ऐकतो पण बोलत नाही. मी मध्ये नसते ना मंजू, तर या लोकांची एक गाडी रस्त्यावर आली नसती." आमची ओळख मंडळाच्या गणपतीत, मोदकांच्या ताटांपाशी झाली. मी आरतीत खालच्या पट्टीत गात होते. ती कोपराने ढोसून म्हणाली, "आवाज चांगला आहे तुझा. फुकट चाललाय. शनिवारी काय करतेस?" मी म्हटलं, कपडे धुते. "ते रविवारी धू," असं म्हणून तिने माझा नंबर घेतला. बाईने निर्णय घेतला की तो झाला.

अशी मी जपानी बायकांच्या गायनवृंदात जाऊन पडले. इथे नोव्हायमध्ये जपानी कुटुंबं पुष्कळ. कंपनी त्यांना काही वर्षांसाठी पाठवते आणि एक दिवस परत बोलावते. मुलं आठवडाभर अमेरिकन शाळेत आणि शनिवारी जपानी शाळेत. मार्च आला की त्या शाळेचा निरोप समारंभ, आणि त्याच सुमाराला बदल्यांचे हुकूम. म्हणजे दर वसंतात कुणी ना कुणी सामान बांधत असायचं. जपानात शाळा संपताना निरोपाची गाणी म्हणायची पद्धत आहे, आणि ही गाणी म्हणजे काही आपली संमेलनातली गाणी नव्हेत. ती आठवडे न् आठवडे बसवतात, दोन-तीन आवाजांत. त्यांत फळा असतो, खिडकी असते, पायऱ्यांवर वाजलेली पावलं असतात, आणि ज्याच्याशी भांडण मिटवायचं राहून गेलं असा एखादा मित्र असतो. दगडालाही रडू येईल. या आया लहानपणी आपापल्या शाळेत तीच गाणी गाऊन निघालेल्या. त्यांनी ठरवलं होतं, की आपल्यातली जी कुणी परत जाईल तिला आपण अशाच गाण्याने निरोप द्यायचा. एका चर्चच्या तळघरातला हॉल त्यांना मिळाला होता. पियानोवर हारुको-सान; 'सान' म्हणजे आपलं ताई किंवा राव. वयाने सगळ्यांत मोठी, केस पांढरे, बोलणं कमी. तिचा नवरा इथेच निवृत्त झाला, त्यामुळे ती कायमची इथली. दर वर्षी इतरांना पोचवून परत पियानोवर येऊन बसणारी.

मला जपानी येत नाही. वैजूने मला शब्द देवनागरीत लिहायला लावले. "इंग्रजीत लिहून वाट लावू नकोस. आपल्या लिपीत लिही, जशीच्या तशी उतरते भाषा." आणि खरंच उतरली. अर्थ मात्र ती एकेक ओळ थांबून सांगायची. एका गाण्यात होतं, की ज्या रस्त्याने रोज शाळेत आलो त्याच रस्त्याने आज परत फिरायचं आहे, पण आज तो लांब वाटतोय. मी म्हटलं, यात रडण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "तुम्हा नागपूरकरांना तिखट लागल्याशिवाय डोळ्यांत पाणी येत नाही. थांब जरा." पुढच्या महिन्यात दोन मुलांची एक आई जायला निघाली. ते गाणं म्हणताना मला पुढचे शब्द दिसेनात. वैजू शेजारी उभी होती. तिने गाता गाता माझ्या हातात टिश्यू कोंबला आणि वर डोळे वटारले, म्हणजे रड पण सूर सोडू नकोस.

या निरोपाची एक पद्धत होती. हारुको-सानने ती आपल्या गावच्या शाळेतून आणली होती आणि वैजूने ती कायद्यासारखी पाळायला लावली होती. मागे राहणाऱ्यांनी आधी गायचं, उभं राहून. मग निघालेल्या माणसाने समोर उभं राहून शेवटचं कडवं एकट्याने गायचं. ते उत्तर. ते होईपर्यंत मागच्यांनी बसायचं नाही. उत्तर संपलं की सगळ्यांनी एकदम खाली बसायचं, आणि त्या हॉलच्या लोखंडी खुर्च्यांचा जो एक आवाज होतो, तो झाला की निरोप पुरा झाला. टाळ्या नाहीत, काही नाही. आणि आणखी एक. ते कडवं दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही. एकदा केइको नावाची एक बाई उत्तराच्या पहिल्याच ओळीला कोसळली. हुंदके थांबेनात. हारुको-सानने कडव्याचे सूर पियानोवर पुरे वाजवले, पुन्हा सुरुवातीला आली, पुन्हा वाजवले. मला राहवेना. मी तिच्या मदतीला ओळ उचलायला गेले तर वैजूने माझं मनगट धरलं. नंतर म्हणाली, "थांबलं तर थांबू दे. तिच्या वाटचं आपण गायलो तर ती गेली असं होईल, पण तिने निरोप घेतला असं होणार नाही." पियानो किती वेळा फिरून आला कुणास ठाऊक, पण केइकोने शेवटी कडवं म्हटलं. रडत, बेसूर, पण पूर्ण.

इतकं काय मेलं त्या निरोपाचं, असं मी एकदा विचारलं. आपल्याकडे निरोप म्हणजे बूट घालून झाल्यावर गॅरेजमध्ये तासभर गप्पा, आणि वर "येते गं" म्हणून जायचं. वैजू गाडी चालवत होती. तिने सांगितलं, की जपानात पहिली नोकरी करत असताना तिचे वडील गेले. अचानक गेले, ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती परत आली तेव्हा तिच्या खोलीसमोरच्या शाळेत समारंभाची तालीम चालू होती. रोज तेच गाणं. मुलं चुकायची, मास्तर थांबवायचे, मुलं पुन्हा पहिल्यापासून. "मी खिडकीत बसून ऐकायचे. वाटायचं, ही बारा-तेरा वर्षांची पोरं शेजारच्या गल्लीतल्या हायस्कुलात जाणार आहेत, आणि त्यांना निघायला इतकं सगळं करून देतायत. माझा बाप गेला जगातून... आणि कुणी कुणाला एक शब्द म्हटला नाही." मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला मात्र नीट गाऊन जायचंय, सांगून ठेवते." मी म्हटलं, गप्प बस, पुढचा एक्झिट घे. आम्ही हसलो. तेव्हा हसता येत होतं.

गेल्या थंडीच्या तोंडावर तिचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, मग तपासण्या झाल्या, आणि मग डॉक्टरने गिरीशला आणि तिला खोलीत बसवून स्वादुपिंडाचं नाव घेतलं. फार पुढे गेलं होतं. वैजूने घरी येऊन मला फोनवर सगळं सांगितलं, अगदी मीटिंगचं भाषांतर करावं तसं, सावकाश, एकेक वाक्य. शेवटी म्हणाली, "इराचं ग्रॅज्युएशन जूनमध्ये आहे. तेवढं बघायचंय." इरा तिची मुलगी. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, उंच, अबोल, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. जपानात जन्मलेली, शनिवारच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे ही गाणी तिलाही पाठ. जूनमध्ये इराला निरोप द्यायला वैजू मागे राहणाऱ्यांत उभी राहणार होती. कुठल्या बाजूला उभं राहायचं हेसुद्धा शेवटी आपल्या हातात नसतं.

जानेवारीत मला नागपूरला जावं लागलं. आईचं खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि त्याच फेरीत व्हिसाचा शिक्का. ऑपरेशन पार पडलं, आई चालायला लागली, आणि माझा पासपोर्ट मात्र तपासणीत अडकून पडला. आज येईल, उद्या येईल. इथल्या प्रत्येक भारतीयाला ही टांगती तलवार माहीत आहे, पण ती अशा वेळी पडावी... मी रोज वैजूला फोन करायचे. ती म्हणायची, "मजेत आहे गं. तू आईला सांभाळ." मी विचारायचे, हारुको-सान, बाकीच्या येतात ना? ती म्हणायची, "येतील की." मी ते 'येतात' असंच समजून घेतलं, कारण दुसरं काही असू शकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दर वसंतात बदलून जाणाऱ्या बाईसाठी ज्या बायका आठवडे न् आठवडे तालीम करतात, त्या वैजूच्या उशाशी बसल्या नसतील कशा?

मार्चच्या शेवटी पासपोर्ट हातात आला. मी नोव्हायला उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वैजूकडे गेले. किमो बंद केलेली होती. फॅमिली रूममध्ये सोफा सरकवून हॉस्पिटलचा पलंग लावला होता. त्याच्या शेजारी तिचा इलेक्ट्रिक पियानो, ज्यावर ती आम्हाला सूर काढून द्यायची. पलंगावर जे होतं ते बघून मी दारातच थबकले. डोळे तेवढे तिचे होते. आवाज गेलाच होता जवळजवळ. श्वासातून शब्द यायचे. मी हात धरला तर म्हणाली, "मंजू... त्या आल्याच नाहीत गं."

मला आधी कळेना. मग गिरीशने स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं, रागारागाने. एकही जपानी बाई एकदाही घरात आली नव्हती. "डबे ठेवून पळतात. सूप, भात, काय काय. सकाळी दार उघडलं की पायरीवर पिशवी. बेलसुद्धा वाजवत नाहीत. इतकी काय भीती वाटते यार? कॅन्सर काय चिकटतो का?" मी म्हटलं, अरे तू बोलावलंस का त्यांना? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच परकी. "बोलवायचं? आजारी माणसाला भेटायला कुणाला आमंत्रण द्यावं लागतं? नागपूरला देतात का तुमच्या?" नाही देत. आपल्याकडे असं कुणी पडलं की घरात पाय ठेवायला जागा नसते. येऊ नका म्हटलं तरी लोक येतात. आणि न आलेला माणूस कायमचा लक्षात राहतो.

मी वैजूपाशी येऊन बसले. म्हटलं, बाई, तू तर दोन्हीकडची. तुला माहीत नाही का, त्या बोलावल्याशिवाय यायच्या नाहीत? आपला भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून चार पावलं मागे राहणं, त्यालाच त्या आपुलकी समजतात... हे तूच तर मला शिकवलंस. वैजूने डोळे मिटले. एकेक शब्द वेगळा काढून म्हणाली, "माहितीये." मग, "पण मला... न बोलावता यायला हव्या होत्या." सगळी हयात जिने दोन माणसांमधलं न बोललेलं बोलून दाखवलं, तिला स्वतःसाठी ते करायचं नव्हतं. निदान एकदा तरी मधे दुभाषी नसताना कुणीतरी आपल्यापर्यंत यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. याचा मी आजही विचार करते आणि मला तिचा राग येतो, आणि त्या रागावर रडू येतं.

मी उठले, गाडी काढली आणि तडक हारुको-सानच्या दारात जाऊन उभी राहिले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू. हारुको-सानने दार उघडलं, मला पाहिलं, आणि काही म्हणायच्या आत तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. आमचं दोघींचं बोलणं तुटक्या इंग्रजीत. ती म्हणाली, जानेवारीत मी फोन केला होता. गिरीश-सान म्हणाले, ती विश्रांती घेतेय. आम्हाला वाटलं, त्यांना एकांत हवा आहे. आम्ही बोलावणं येण्याची वाट बघत होतो. तयार होतो. दर शनिवारी वैजू-सानचं गाणं बसवत होतो. मी म्हटलं, डबे ठेवून बेल का नाही वाजवली? ती म्हणाली, बेल वाजवली तर कुणालातरी उठून यावं लागेल. मग खाली बघत तिने सांगितलं ते मला नको होतं ऐकायला. तालीम झाली की त्या सगळ्या या व्हॅनमध्ये बसून वैजूच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जायच्या. गाडी लावायच्या, काचा बंद ठेवायच्या आणि वैजूच्या कडव्यापर्यंतचं गाणं म्हणायच्या, हळू. मग घरी जायच्या. चार घरांपलीकडे वैजू दाराकडे डोळे लावून पडलेली. मी तिथे पायरीवर बसले आणि मोठ्याने ओरडले, मराठीत. काय ओरडले ते आठवत नाही. हारुको-सान माझ्या शेजारी खाली बसली आणि मला धरून राहिली.

त्याच दुपारी त्या आल्या. मी बोलावलंय म्हटल्यावर अर्ध्या तासात सगळ्या हजर, दारात बूट ओळीने काढून. गिरीश एका बाजूला उभा राहिला, हाताची घडी घालून, पण त्याने त्यांना आत येऊ दिलं. वैजूने त्यांना पाहिलं. कसं पाहिलं, काय सांगू... तहानलेलं माणूस पाण्याकडे बघतं तसं. हारुको-सान वैजूच्याच पियानोवर बसली. आम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिलो आणि गायलो. इतकं चांगलं आम्ही कधी गायलो नसू. वैजूची बोटं पांघरुणावर ताल धरत होती, आणि एका जागी माझा सूर जरा उतरला तर तिची भुवई वर गेली. तेवढ्यात मला वाटलं, होईल, सगळं होईल.

मग तिचं कडवं आलं. इराने पलंगाची पाठ वर केली. हारुको-सानने सूर दिला. वैजूने तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला. कडव्याचे सूर संपले. हारुको-सान परत सुरुवातीला आली. वैजूने पुन्हा प्रयत्न केला. ओठ शब्दांवरून बरोबर फिरत होते, एकही शब्द चुकत नव्हता, पण आवाज नव्हता. पियानो पुन्हा फिरला. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहायला लागलं. गिरीश म्हणाला, "बस करा. प्लीज, बस करा." इरा ओरडली, "लेट हर ट्राय, बाबा!" आणि मग त्या पोरीने आईचा हात धरला आणि स्वतःच ती ओळ उचलली. पहिलाच शब्द. वैजूने मान हलवली. नाही. केवढ्या जोराने हलवली, होती नव्हती ती सगळी ताकद लावून. इराने ओळ सोडली. ते कडवं तिचं होतं, आणि पोटच्या मुलीलासुद्धा ती ते द्यायला तयार नव्हती.

थोड्या वेळाने तिला गुंगी आली. नर्स औषध द्यायला आली तर आम्ही पाच-सहा बायका तशाच उभ्या. ती म्हणाली, बसा ना, खुर्च्या आहेत. कुणी बसलं नाही. संध्याकाळी एकेक जण उभ्याउभ्याच वाकून, नमस्कार करून निघाली. गुरुवारी मी एकटी गेले होते. वैजू जागी होती, जरा बरी वाटत होती. मी कानाशी जाऊन म्हटलं, परत यायचं का आम्ही? ती म्हणाली, "शनिवारी." अगदी नीट ऐकू आलं मला. आवाजच आला होता तो. मी तिथून गाडीत येऊन सगळ्यांना कळवलं, आवाज आलाय, शनिवारी म्हणालीय. शुक्रवारी आम्ही तालीम केली. शनिवारी सकाळी, वर सांगितलं तसं, ट्वेल्व्ह माइल रोडच्या सिग्नलला गिरीशचा फोन आला.

लोक समजूत घालतात. म्हणतात, तिने मनातल्या मनात म्हटलं असेल. म्हणतात, सुटली बिचारी. मला यातलं काहीही ऐकायचं नाही. ती सुटलेली नाही. तिला एक गोष्ट हवी होती, एक. आयुष्यभर तिने ती दुसऱ्यांना मिळवून दिली, आणि तिच्या वेळेला एक घर न बोलावता येण्याची वाट बघत राहिलं आणि दुसरं बोलावण्याची. कुणाचं काही चुकलं नाही. हेच मला सहन होत नाही. कुणी वाईट असतं तर त्याच्या नावाने बोटं मोडली असती. इथे जो तो आपल्या परीने जीव लावत होता, आणि त्या जीव लावण्यातच तिचा श्वास संपून गेला. फ्यूनरल होममध्ये गिरीश हारुको-सानला म्हणाला, "आता म्हणा ना. जे काय म्हणायचं ते म्हणा." त्याचा राग केव्हाच गळून गेला होता. आम्ही आमचं म्हटलं. तिच्या कडव्याला नुसते सूर वाजले, एकदाच, आणि मग तिथल्या माणसांनी येऊन तिची शवपेटी दहनासाठी आत नेली.

त्याला आता काही आठवडे झाले. जूनमध्ये इराचं ग्रॅज्युएशन आहे, घरामागे मांडव घालून जेवण आहे, ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाईल. आम्ही तिच्यासाठी गावं अशी तिचीच इच्छा आहे. पण परवा म्हणाली, "आय कान्ट डू द आन्सर, मावशी. आईज् टर्न केम फर्स्ट." आईचं उत्तर राहिलेलं असताना आपलं कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं. शनिवारच्या तालमी चालू आहेत. वैजूचं गाणं आम्ही दर वेळी म्हणतो. तिच्या कडव्यापाशी हारुको-सान सूर वाजवते, फिरून पहिल्यापासून वाजवते, आणि मग हात मांडीवर घेते. आणि आम्ही बसत नाही. कुणी ठरवलेलं नाही, पण बसता येत नाही. उभ्यानेच वह्या भरतो, उभ्यानेच कोट चढवतो, आणि निघतो. हॉलच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या असतात, तशाच राहतात. खुर्च्यांचा तो आवाज मी गेल्या वर्षीच्या निरोपापासून ऐकलेला नाही.

तिचा पियानो गिरीशने मला दिला. त्याला तो घरात बघवेना. आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारी भिंतीला लावलाय. झाकण उघडं ठेवते, कारण ती तसं ठेवायची. काल जेवायची वेळ झाली, ताटं वाढून झाली, आणि मी पियानोपाशी उभी राहून त्या कडव्याचा पहिला सूर दाबून धरला होता. तो बराच वेळ टिकतो, मग हळूहळू विरतो. माझा नवरा श्रीकांत म्हणाला, "अगं बस की आता. गार होतंय सगळं."

मी म्हटलं, "तू सुरू कर. मी थांबते जरा."